हंड्याच्या बुडातलं फूल

आमच्या कॉलनीतल्या बायका हल्ली मला फोनवर फोटो दाखवतात. "काकू, बघा ना, जुनं घंगाळ पडून होतं, त्यात झाड लावलं." मी चष्मा नाकावर सरकवते आणि एकच विचारते, "बुडाला भोक पाडलंस का?" पाडलं नसेल तर मी मनापासून छान म्हणते. पाडलं असेल तरीही छानच म्हणते, कारण एवढ्या हौसेनं दाखवणाऱ्या माणसाचा हिरमोड करू नये. पण त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागत नाही. तशी मी फटकळ आहे, आमच्या घरात नि घराबाहेर सगळ्यांना माहीत आहे. तरीही आयुष्यात एकदा, जिथं सगळं बोलायला हवं होतं तिथं, मी अर्धंच बोलले. ते आता लिहून टाकते.

मी कंधारची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा लातूर तालुक्याचं गाव होतं, आणि जिल्ह्याच्या कामाला लोकांना उस्मानाबादची एसटी धरावी लागायची. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेबलोक आले, त्यांच्यामागं रस्त्यांची कामं आली, आणि एके दिवशी आमच्या गल्लीत नळ आला. लोकांनी नळाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. आमच्या घरी आम्ही तिघंच होतो: हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. सासरे मी येण्याआधीच गेलेले. नणंद माझ्यानंतर सहा महिन्यांनी लग्न होऊन निलंग्याला गेलेली.

आत्याबाईंनी नळाला नारळ फोडला नाही. कपाळावरची इभूती सारखी केली, नळाखाली तांब्या धरला, भरला, आणि तिथंच उभ्यानं सगळा रिकामा केला, पायावर. "चाळीस वर्षं," एवढंच म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांनी विहिरीचं पाणी डोक्यावरून वाहिलं होतं. त्यांच्या टाळूवर रुपयाएवढ्या जागेत केस नव्हते. न्हायला घालताना मला ती जागा दिसायची, गुळगुळीत आणि जराशी खोलगट. चुंबळ तिथं बसायची.

ती चाळीस वर्षं ज्या भांड्यांनी वाहिली ती सगळी आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकावर एक पडून होती. तांब्याचे दोन हंडे, एक मोठा आणि एक लहान. पितळेच्या तीन घागरी. एक घंगाळ. मोठा हंडा आत्याबाईंच्या माहेरचा होता. चुलीवर राहून राहून त्याचा बाहेरचा रंग काळा ठिक्कर पडलेला. आत्याबाईंच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांच्या आईनं त्याच हंड्यात पाणी तापवून त्यांना शेकलं-न्हाऊ घातलं होतं. नंतर त्यांच्या आईनं तो हंडा लेकीला दिला, पुढं लेकीच्या लेकीला लागेल म्हणून. आमच्याकडं पहिलं बाळंतपण आईकडंच व्हायचं. सव्वा महिना आईनं लेकीच्या अंगावर स्वतःच्या हातानं कढत पाणी घालायचं. मी आल्यावर पहिल्याच महिन्यात हे सगळं मला सांगून झालं होतं. तरीसुद्धा नळ आल्यावर त्याच हंड्याकडं बघून त्यांचं तोंड कडू व्हायचं. घरात प्लास्टिकच्या दोन बादल्या आणि एक पिंप आलं होतं. ते हलकं होतं, आणि त्यांना त्याचा हलकेपणाच आवडायचा.

बागेचं खूळ माझं. एका साहेबांच्या बंगल्याबाहेर मी फुटक्या बरण्या, जुने डबे, सायकलची चाकं असं सगळं रंगवून, त्यात झाडं लावून मांडलेलं पाहिलं. आमच्या घराच्या पुढं चार पावलं अंगण होतं, नुसतं धुळीचं. मला वाटलं, आपल्यालाही येईल की हे. फुटक्या कपबशांचे तुकडे मातीत बसवून मी वाट केली. जुना पाटा पायरीला लावला. ह्यांच्या सायकलची वाकडी रिम भिंतीला टांगून तिच्यावर जाई चढवली. डालड्याच्या डब्यांत सदाफुली लावली. आणि मग माझी नजर कोपऱ्यातल्या भांड्यांवर गेली.

भोकं पाडायला मी कल्हईवाल्या चाचांकडं गेले. गल्लीच्या तोंडाला कडुलिंबाखाली ते जमिनीत खळगा करून बसायचे. भाता चालायचा, नवसागराचा धूर निघायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं ते पातेल्यात कथील फिरवायचे तेव्हा आतून चांदीसारखा लख्ख रंग यायचा. पण स्टीलची भांडी आल्यापासून लिंबाखाली ते नुसतेच बसलेले दिसायचे. मी मोठा हंडा त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "चाचा, ह्याच्या बुडाला भोकं पाडून द्या. झाड लावायचंय."

त्यांनी हंडा उचलला, बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला. "गळत न्हाई," म्हणाले.

"म्हणूनच पाडायची आहेत भोकं."

"बेटी, माझ्या बापानं भोकं बुजवली, म्या बुजवली. पाडायचं काम न्हाई केलं कधी. चांगल्या भांड्याला छेद पाडला की बरकत गळती."

मला राग आला. नवीन सून, त्यात माझ्या मनात बाग आधीच फुललेली. मी म्हणाले, "नळ आलाय चाचा. आता कोण भरतं हंडे? आणि कल्हई तरी कोण लावतंय?"

हे बोलायला नको होतं. त्यांनी हंडा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "नळ सरकारचा हाय बेटी. हंडा तुमचा हाय." आणि भात्याची घडी करत बसले. मी तणतणत घरी आले.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, हंडा त्यांच्या आईचा, त्या नाहीच म्हणतील. त्या उठल्या, ह्यांच्या अवजारांतून मोठा खिळा आणि हातोडी घेऊन आल्या, हंडा अंगणात पालथा घातला आणि बरोबर मधोमध खिळा धरून ठोकला. एका घावात आरपार. "एक तर ठेवावा घरात," हे दारातून म्हणाले. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "एक ठेवला की तो बसून सांगंल, चल म्हातारे विहिरीला. घाला मातीत एकदाचं." मग त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि हात झटकून आत गेल्या.

बाकीची भोकं मी पाडली. मधल्या भोकाभोवती दहा पाकळ्या काढल्या. जे बूड मातीत जाणार त्याला कोण बघणार होतं? पण हौसेला मोल नसतं. पाकळ्या सारख्या आल्या पाहिजेत म्हणून मी आधी कोळशानं खुणा केल्या होत्या. मोठ्या हंड्यानंतर लहान हंडा, मग घागरी, मग घंगाळ. लहान हंड्याला आणि घागरींना तीन-तीन पाडली, तोवर हात दुखायला लागला होता.

बाग खरोखर देखणी झाली. मोठ्या हंड्यात मी गुलाब लावला, घंगाळात शेवंती, घागरी आडव्या करून त्यांच्या तोंडातून ऑफिसटाइम फुलवला. त्या फुलाला आमच्याकडं असंच म्हणतात, सकाळी कचेरीच्या वेळेला उमलतं म्हणून. लोक बघायला यायचे. गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडून खिळा आणि हातोडी मागून नेली. दिवाळीपर्यंत आमच्या गल्लीत एकाही घरात न गळणारी घागर उरली नसेल. मी शिकवलं म्हणून मिरवायची सुद्धा. आत्याबाई संध्याकाळी पाट्याच्या पायरीवर बसायच्या, मोठ्या हंड्यातल्या गुलाबाकडं बघत. मी त्यांना तितकं शांत बसलेलं नंतर कधी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी झालाच नाही. नळाला आधी एकाआड एक दिवस पाणी, मग चार दिवसांनी, मग आठ. संक्रांतीनंतर नळ नुसताच हवा सोडायला लागला. बाग तर कधीच वाळली होती. धुण्याचं, भांड्याचं पाणी घालून मी गुलाब जगवत होते, शेवटी तेही पाणी राखून ठेवायची वेळ आली. मग टँकर सुरू झाला. टँकरचा एक नियम होता, कुणी केलेला मला माहीत नाही, पण तो सगळे पाळायचे. घरटी माणसं मोजत नव्हते. ओळीत ज्याची जेवढी भांडी, त्याला तेवढं पाणी. पाइपवाला ओळीनं पुढं जायचा, मागं वळून बघायचा नाही. बाजारात पिंपं, टाक्या मिळेनाशा झाल्या. आमच्याकडं एक पिंप होतं आणि दोन बादल्या, त्यातली एक उन्हानं तडकली होती. शेजारणीकडं मागावं तर तिच्याही भांड्यांना भोकं. तहान लागल्यावर विहीर खणतात म्हणतात, आम्ही तर खणलेली विहीर आधीच बुजवून बसलो होतो.

आणि त्याच फाल्गुनात नणंदेला सातवा महिना संपत आला. पहिलं बाळंतपण, आईकडं यायचं. निलंग्याहून तिच्या सासूचा निरोप आला, "आमच्या विहिरीला पाणी हाय, इथंच राहू द्या पोरीला." आत्याबाई म्हणाल्या, "पाणी असंल तुमच्या विहिरीला. आई न्हाई तिची तिथं." आणि जाऊन लेकीला घेऊन आल्या.

नणंद आली. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला, पण माहेरी आल्याचा आनंद असा की दारातूनच हाका मारत आली. त्या क्षणापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. वैशाखात बाळंतपण. दवाखाना जवळ होता, ती काळजी नव्हती. पण घरी आल्यावर सव्वा महिना बाळंतिणीला आणि बाळाला दोन्ही वेळ कढत पाणी लागणार, बाळाची दुपटी धुवायला लागणार. एवढं पाणी साठवायचं कशात आणि तापवायचं कशात? प्लास्टिकचं पिंप चुलीवर ठेवता येत नाही.

मी मोठा हंडा मातीतून उपसून काढला. वाळलेला गुलाब मुळासकट बाहेर आला. हंडा उन्हात धरला तर बुडातून अकरा ठिपक्यांचा उजेड माझ्या लुगड्यावर पडला. आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या.

नव्या जिल्ह्याचे रस्ते तेव्हा डांबरी होत होते. कडेला डांबराची पिंपं पडलेली असायची. मी तिथून वाटीभर डांबर आणलं, तापवलं आणि सगळ्या भांड्यांची भोकं बुजवली. मोठ्या शहाणपणानं बुजवली. टँकरच्या ओळीत त्या दिवशी पिंप-बादलीशिवाय आमची आणखी सहा भांडी उभी राहिली. पाण्याला डांबराचा वास यायचा, पण थांबायचं. मला वाटलं जमलं. मग एका सकाळी आत्याबाईंनी लेकीला अंघोळ घालायची म्हणून मोठा हंडा चुलीवर ठेवला. पाणी कोमट होतंय तोवर डांबर वितळलं, आणि अकराच्या अकरा भोकांतून पाणी चुलीत. चूल विझली, घरभर काळा धूर, आणि चार दिवसांचं पाणी राखेत. नणंद हसायला लागली, हसता हसता आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि गप्प झाली.

त्या दुपारी आत्याबाई मला घेऊन चाचांकडं गेल्या. लिंबाखाली कुणी नव्हतं. त्यांच्या घरी गेलो, दोन गल्ल्या पलीकडं. ते ओसरीवर स्टोव्ह दुरुस्त करत बसले होते. मी मान खाली घालून उभी. माझी अपेक्षा होती की ते मला माझे शब्द ऐकवतील. ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी हंडा पालथा केला आणि बोट फिरवत मोजलं. "अकरा," म्हणाले. मग जरा जवळ धरून, "फूल काढलंय व्हय?"

"अक्का," ते आत्याबाईंना म्हणाले, "एक-दोन छेद असते तर डाग देऊन बुजवले असते. हे बूड चाळण झालंय. विस्तवावर डाग टिकायचा न्हाई. पुरं बूड कापून नवं बसवावं लागंल. तांबटाचं काम हाय, पण तांबट कवाच गेला गाव सोडून. मी करतो. पण तांबं कुठून आणू?"

आत्याबाईंनी विचारसुद्धा केला नाही. "लहाना हंडा कापा," म्हणाल्या. "त्याच्या अंगाचा पत्रा ह्याच्या बुडाला."

चाचांनी एक श्वास घेतला. भांडं कापायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असेल. पण पोरीचं बाळंतपण आहे कळल्यावर ते नाही म्हणाले नाहीत. "आठ दिवस द्या. भाता उंदरानं कुरतडलाय, आधी तो शिवावा लागंल."

ते आठ दिवस आत्याबाईंनी कसे काढले ते मला तेव्हा कळलं नाही. त्या सोमवारचा उपवास करायच्याच, पण आता त्या दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेईनात. विचारलं की "उपास हाय" म्हणायच्या. नणंदेनं एका दिवशी धरलं. "आई, आठवड्यात सोमवार तीनदा येतो का गं?" आत्याबाई म्हणाल्या, "नवस हाय माझा." नणंदेसाठी त्या झाकलेल्या कळशीत वेगळं पाणी राखायच्या आणि तिच्यापुढं तांब्या भरून ठेवायच्या. स्वतः घोटभर. टँकरच्या ओळीत सहाव्या दिवशी त्या उभ्या उभ्या खाली बसल्या आणि मग आडव्या झाल्या. आम्ही उचलून घरी आणलं. नणंदेनं आईच्या तोंडात पाणी घातलं तेव्हा ओठ चिकटलेले होते, बोटानं सोडवावे लागले.

त्याच संध्याकाळी नणंदेनं निलंग्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी जावई आले.

ते वाईट माणूस नव्हते. आत येताना अंगणात थबकले. घागरी भिंतीला टेकून ठेवल्या होत्या, घंगाळ पालथं पडलं होतं, सगळ्यांच्या बुडाला उन्हानं पाघळून सुटलेल्या डांबराचे डाग. त्यांनी एक घागर उचलून उजेडाकडं धरली. "ही भोकं कुणी पाडली?"

ओसरीवर आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नणंद त्यांच्या शेजारी. मी दारात. जावयांनी विचारलं होतं सगळ्यांना, पण बघत होते माझ्याकडं. लग्नाला तीन वर्षं झालेली, अजून मूलबाळ नाही, आणि हा घरचा जावई. मी म्हणाले, "पहिला खिळा आत्याबाईंनीच ठोकला."

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी पुढचं वाक्य बोलले नाही. उरलेली भोकं कुणाची, खूळ कुणाचं, चाचांनी नको म्हटल्यावर हट्ट कुणी केला, हे मी गिळलं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "व्हय. म्याच ठोकला."

नणंदेनं आईकडं पाहिलं. "आज्जीच्या हंड्याला?" एवढंच विचारलं. आत्याबाईंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गेली. आत्याबाईंनी ओटी भरली. ओटीत सुकं खोबरं होतं, नारळ घरात नव्हता. नणंद आईच्या पाया पडली, पण गळ्यात पडली नाही. आत्याबाई अंगणात उभ्या राहिल्या, बस सुटून गेली असेल एवढा वेळ.

दोन दिवसांनी चाचा सायकलच्या कॅरिअरला हंडा बांधून घेऊन आले. बाहेरून पूर्वीइतकाच काळा, बूड मात्र नवं, लालसर, कडेनं झाळ देऊन सांधलेलं. त्यांनी स्वतःच्या घरून आणलेल्या कॅनमधलं पाणी त्यात ओतलं आणि हंडा एका विटेवर ठेवला. आम्ही खाली बघत बसलो. एक थेंब गळला नाही. चाचा म्हणाले, "ठेवा आता चुलीवर. पोरगी कुठं हाय?"

आत्याबाई आत निघून गेल्या. मी सांगितलं. चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि ते पाणी तसंच हंड्यात ठेवून गेले.

वैशाखात नणंद बाळंत झाली. मुलगी, दोघी सुखरूप, असा निरोप आला. आत्याबाईंनी त्याच दिवशी मला उठवलं आणि आम्ही हंडा घेऊन निलंग्याच्या एसटीत बसलो. गाडीत गर्दी, हंडा मांडीवर. लोक विचारायचे, "काय बाई, निलंग्याला हंडे मिळत न्हाईत का?" आत्याबाई हंडा पोटाशी ओढायच्या. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की पाणी तिकडचं असू दे, पण लेकीच्या अंगावर ते आपल्या हातानं घालायचं. निदान पहिले पाच दिवस.

विहीणबाईंनी आम्हाला ओसरीवर बसवलं. चहा दिला. हंड्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "कशाला एवढा तरास घेतलात? आमच्या इथं भांडीबी हायत, पाणीबी हाय. बाळंतिणीला आमी बघतो. तुमी पाव्हण्या, बसा." मग आत वळून कुणालातरी कानडीत काही बोलल्या, आणि बोलताना हाताचं बोट हवेत टोचत खालीवर केलं, खिळा ठोकल्यासारखं. मला कानडी येत नव्हती, पण ते बोट मला कळलं. आत्याबाईंना कानडी यायची, त्यांना शब्दही कळले.

मी त्या वेळी बोलू शकत होते. दुसऱ्यांदा संधी आली होती, आणि आता तर पुढ्यात कुणी पुरुष माणूसही नव्हता. "भोकं मी पाडली," एवढे तीन शब्द. मी चहा प्यायले. विहीणबाईंनी आत्याबाईंना दाराच्या चौकटीतून नात दाखवली. नणंद खाटेवर निजलेली, तिनं "आई" म्हटलं आणि डोळे मिटले. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही हंडा घेऊन परत आलो. येताना आत्याबाई मला काहीच म्हणाल्या नाहीत. मी माझ्या मनात त्यांना हजार वेळा म्हणाले, चुकलं माझं.

पुढं पाऊस झाला. नळाला पुन्हा पाणी आलं. माझं बाळंतपण कंधारला झालं, माझ्या आईकडं, सगळं यथासांग. मोठा हंडा आमच्या चुलीवर पुष्कळ वर्षं राहिला. आत्याबाईंनी त्यातलं कधी अंघोळीचं पाणी घेतलं नाही, त्या बादलीतलं घ्यायच्या. नणंदेचं दुसरं बाळंतपणही निलंग्यालाच झालं. पंचमीला ती यायची, दोन दिवस राहायची, आईशी नीट बोलायची, पण पाहुणी बोलते तसं. कुणी विचारलं नाही आणि आत्याबाईंनी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, आता जुनं झालं, कशाला उकरायचं. असं वाटणं फार सोपं असतं, विशेषतः त्यात आपली सुटका होत असली की.

आत्याबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्हा लिंगायतांच्या रीतीनं समाधी दिल्यानंतर अकराव्या दिवशी घरी जंगमांचं, आमच्या गुरूंचं, जेवण होतं. पंगती उठल्या, आणि नणंद स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन बसली. आई गेल्याचं कळल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पाव्हण्याबायका आपसांत कुजबुजत होत्या, लेक असून कशी कोरडी आहे म्हणून. ती भाताच्या पातेल्याकडं बघत म्हणाली, "आईनं सगळं केलं माझं, वैनी. माझ्यासाठी उपाशी राहिली, ओळीत पडली. पण आज्जीचा तेवढा एक हंडा तिनं माझ्यासाठी राखला न्हाई. हौसेपायी फोडला. तेवढंच मला कवा पचलं न्हाई बघ."

मग मी सांगितलं. चाचांकडं मी गेले होते, हट्ट माझा होता, एक भोक तिच्या आईचं आणि दहा माझी, फूल मी काढलं होतं, आणि जावयांपुढं मी अर्धंच बोलले होते. निलंग्याच्या ओसरीवरही मी गप्प बसले होते, तेही सांगितलं.

तिनं भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग विचारलं, "आईला ठावं होतं? तू मुद्दाम अर्धं बोललीस ते?"

"होतं."

"आनि ती व्हय म्हणली?"

"म्हणल्या."

"माझ्या सासूपुढंबी गप राहिली?"

"राहिल्या."

"का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मला त्या घरात नांदायचं होतं, ते त्यांना दिसलं असेल."

तेव्हा ती रडली. गुडघ्यात डोकं घालून, आई, आई म्हणत, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. माणसं दारात गोळा झाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं न बघता तो हात उचलला आणि बाजूला ठेवला, आणि मी तो पुन्हा नेला नाही.